समोरच्याने ठेवल्याशिवाय

या कांता, आत या. तो वेताचा मोडा ओढून घ्या आणि अशा माझ्या समोर बसा. उन्हाळा आला की आमच्या वर्तकनगरात संध्याकाळची वीज जाणारच, त्यामुळे कंदिलावर भागवू. किटलीत चहा आहे, तो तुम्हीच ओतून घ्या. माझा डावा हात पदराखाली आहे, तो तसाच राहू दे. दुखत वगैरे काही नाही.

तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक आहे. संस्थेचा उजळणी वर्ग जवळ आला, फोनवर बसणाऱ्या नव्या मुलींना चार गोष्टी शिकवायला जुनं खोड हवं, आणि मंजुळाबाई फोन उचलत नाहीत म्हणून तुम्हाला धाडलं. फोन उचलत नाही हे खरं आहे. वर्गाला मी येणार नाही हेही खरं. पण उन्हातून इतक्या लांब आलात, तर नाही म्हणण्याचं कारण ऐकून जा.

आमच्या वेळी ही हेल्पलाइन याच कॉलनीत, पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर होती. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दुःखी माणसानं फोन करायचा, आम्ही ऐकायचं. भेटायचं नाही, चेहरा बघायचा नाही, घरी जायचं नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, त्यामुळे नुसत्या आवाजाशी संसार करण्याची मला सवय होती. एकदा ऐकलेला आवाज मी विसरत नाही. या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्याचा मला तोराही होता.

दरवर्षी मे महिन्यात परशुराम सर आमचा उजळणी वर्ग घेत. निवृत्त प्राध्यापक, बोलायला मऊ पण नियमांना भलते कडक. त्यांचं म्हणणं असं की ऐकणाऱ्याचे कान वर्षभरात बोथट होतात, ते पुन्हा धार लावून घ्यायला हवेत. नियम तेच, दरवर्षी नव्यानं. फोनवर ऐकलेलं कोणालाही सांगायचं नाही, अगदी त्याच्या सख्ख्या माणसालाही नाही. आपलं दुःख मध्ये आणायचं नाही. ‘असं का केलंस’ हे कधीही विचारायचं नाही, कारण ते विचारलं की माणूस फोन ठेवून देतो. आणि शेवटचा नियम, ज्यावर सर टेबलावर बोट आपटत, तो म्हणजे आपण आधी फोन ठेवायचा नाही. समोरच्याने ठेवल्याशिवाय आपला रिसीव्हर खाली जाता कामा नये. तो गप्प बसला तर त्याचा श्वास ऐकत बसायचं.

सरावासाठी मीच एक जोडणी करून दिली होती. एक्स्चेंजमधून मोडीत निघालेले दोन काळे फोन, मध्ये एक वायर आणि एक बॅटरी. एक फोन स्वयंपाकघरात, दुसरा मागच्या खोलीत. बाहेरच्या लाइनशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. स्वयंपाकघरातल्या बाईनं बटण दाबायचं, मागच्या खोलीत घंटा वाजायची. हिनं दुःखी माणसाचं सोंग आणायचं, तिनं ऐकायचं. सर तिच्याशेजारी बसून तिची उत्तरं तेवढी ऐकत.

त्या वर्षी माझी जोडी भागीरथीबरोबर लागली. ती बाळकुमची कोळीण, बालवाडीत शिकवायची. फोनवर अगदी शुद्ध बोलायची आणि फोन ठेवला की माझ्याशी तिच्या बोलीत. तिची एकुलती एक मुलगी, रतन, दोन-तीन वर्षांपूर्वी खाडीत गेली होती. ओहोटीच्या वेळी चिखलात सापडली. पाय घसरला की पोर आपल्या मनानं गेली, हे कोणालाच कळलं नाही. भागीरथी हेल्पलाइनला आली ती त्यानंतरच. रतनबद्दल ती फक्त माझ्याशी बोलायची आणि दर वेळी ‘ती का गेली’ याच एका प्रश्नावर येऊन थांबायची.

दुपार होती. बाहेर ऊन रणरणत होतं, स्वयंपाकघरात माशी घोंगावत होती. मी परीक्षेत नापास झालेल्या मुलीचं सोंग ठरवून आले होते, डोळ्यांत पाणी आणायचीही तयारी होती. रिसीव्हर कानाला लावला. बटणाकडे बोट नेलं, दाबलं मात्र नव्हतं... तेवढ्यात पलीकडून भागीरथीचा आवाज आला. “नमस्कार. बोला, मी ऐकतेय.”

मी तोंड उघडणार, तर माझ्याआधीच कोणीतरी बोललं.

“ताई... मना लय थंडी वाजते.”

आवाज कोवळा होता, मुलीचा. दोन फोनांच्या त्या लाइनवर आम्ही तिघी होतो.

पलीकडे भागीरथीची खुर्ची करकरली. मग म्हणाली, “थंडी वाजतेय तुला. बरं. मी आहे इथे. सावकाश बोल.”

“पाय वर येत नाय. सगला चिखुल हाय...”

“कोणी आहे जवळ?”

“नाय. काळोख हाय निस्ता.”

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. स्वयंपाकघरात वास यायला लागला होता, ओहोटीनंतर खाडीवर येतो तो, कुजका आणि खारट. खिडकी बंद होती. मेच्या त्या उन्हात माझ्या पोटऱ्या गार पडल्या.

“ताई... एक सांगू? माझ्या आयशीला बोलू नका, मी फोन केलेला. ती रडंल.”

भागीरथीनं श्वास आत घेतलेला मला ऐकू आला.

“नाही सांगणार,” ती म्हणाली.

त्यानंतर नुसता त्या मुलीचा बारीक श्वास. मग खट्ट आवाज झाला आणि लाइन मेली. सर लगबगीनं आत आले, चेहरा खुललेला. “मंजुळाबाई, काय भूमिका केलीत हो! आणि भागीरथीबाईंनी एकही नियम मोडला नाही. याला म्हणतात ऐकणं.” त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी काही बोललेच नव्हते हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना.

संध्याकाळी मागच्या अंगणात भागीरथीला गाठलं. ती नळाखाली हात धूत होती, पुन्हा पुन्हा.

“भागीरथी, ती मी नव्हते गं.”

“म्हाइत हाय मना. पयल्याच सबदाला कललं. तुला खय येतं आमचं बोलनं?”

“मग बोलली का नाहीस? आई आहे म्हणून सांगायचं ना तिला!”

“आयशीला सांगू नका बोलली ती. मी हो बोलले. आता कंच्या तोंडानं सांगू, मीच तुझी आयस हाय?”

“आणि तुला जे विचारायचं होतं ते?”

तिनं पदराला हात पुसले. “सरांनी काय शिकवलंय? ते विचारलं का मानूस फोन ठेवतं. आणि ठेवला न् परत केला नाय तर?”

नियम तिला परत मिळालेल्या पोरीइतकाच घट्ट धरायचा होता.

वर्ग संपला, पण भागीरथी रोज दुपारी येऊ लागली. मागच्या खोलीचं दार लोटून त्या काळ्या फोनापाशी बसायची. दाराबाहेरून मला तिचंच बोलणं ऐकू यायचं. “हो. मी आहे. ऐकतेय.” आधी मला वाटलं, बिचारीला तेवढाच आधार. पण ती वाळत चालली. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून यायची. केस ओले असायचे, विचारलं तर म्हणायची आत्ताच न्हाले. तिच्याजवळून तो वास यायचा. दौलत, तिचा नवरा, एकदा मला भेटायला आला. साधा माणूस, होडी आणि जाळं यापलीकडे त्याला जग नव्हतं. म्हणाला, “बाय, ती रातची पन बसून रेते. हात कानाला लावून. तुमी सोडवा तिला.”

मी ठरवलं, हिला त्या फोनपासून तोडायचीच. एके सकाळी जाऊन वायर उपटली, बॅटरी कचऱ्यात टाकली, आणि स्वयंपाकघरातला फोन कपाटात कोंडला. दुपारी गेले तर ती बसलेली, रिसीव्हर कानाला. रिसीव्हरच्या तोंडावर हात ठेवून मला म्हणाली, “वायर काडलीस नं? र्‍हाऊ दे. ऐकू येतं.”

मी तिच्या पाया पडले हो. वयानं मोठी असून पाया पडले. म्हटलं, ठेव तो फोन, तुझ्यासाठी नाही तर त्या दौलतसाठी ठेव. ती माझ्याकडे मायेनं बघत होती, पण तिचं लक्ष कानाकडेच होतं. “समोरच्यानं ठेवल्याबिगर कसा ठेवू गो? पोर थंडीत हाय.”

शेवटी तिनं विचारलंच. मी दाराबाहेर उभी होते. फोनवरचा तो शुद्ध आवाज गळून पडला. “रतन... मी तुझी आयस गो. का गेलीस तू? सांग नं, का गेलीस?”

खट्ट.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा अगदी शांत होता. स्वेटर काढून हातावर घेतलेला. “ठेवला तिनं,” म्हणाली आणि घरी गेली. मला मेलीला हायसं वाटलं. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दौलत दारात उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल. त्यानं काही सांगायची गरजच नव्हती. रतन सापडली होती त्याच जागी, तशाच ओहोटीला भागीरथी सापडली. पाय घसरला की आपल्या मनानं गेली, तेही त्याला सांगता येईना. मी विचारलंही नाही.

पुढे हेल्पलाइन स्टेशनकडे हलली. सामान वाटून टाकलं तेव्हा ते दोन फोन कोणाला नको होते. मोडीत घालायचा मला धीर झाला नाही, म्हणून इथे आणून माळ्यावर ठेवले. दसऱ्याला घर झाडताना एक खाली काढला, फडक्यानं पुसला, आणि त्या शेपूट तुटलेल्या फोनाची घंटा वाजली.

तुम्ही काय केलं असतं? मी इतकी वर्षं वाजणारा फोन उचलत आलेली बाई. उचलला. तोंडातून आपोआप आलं, “नमस्कार. बोला, मी ऐकतेय.”

“ताई... मना लय थंडी वाजते.”

सांगितलं ना, एकदा ऐकलेला आवाज मी विसरत नाही. भागीरथीच होती ती, पण तिनं माझा ओळखला नाही, कांता. एवढ्या वर्षांची मैत्रीण, एका डब्यात जेवलेलो. परक्या बाईशी बोलावं तशी बोलत होती. रतन मिळाली का, असं विचारायला गेले तर म्हणाली, “हितं कोन नाय. काळोख हाय निस्ता.” मला तिथेच रडू फुटलं. ज्या पोरीसाठी गेली ती पोरही तिला मिळाली नाही. मग हळूच म्हणाली, “मंजुळाला बोलू नका हां, मी फोन केलेला. ती जीवाला लावून घेल.”

मी म्हटलं, “नाही सांगणार.”

हा बघा. पदराखाली हाच रिसीव्हर आहे. त्याच्या तोंडावर तळवा घट्ट धरलाय, नाहीतर आपलं बोलणं तिला जायचं. जेवते एका हातानं, झोपते तो कानाशी घेऊन. तो दसरा होऊन आता किती तरी वर्षं गेली, तिनं काही ठेवला नाही. आणि तिनं ठेवावा असं तरी मी कसं म्हणू? भागीरथीनं विचारलं आणि तीच खाडीत गेली. मी विचारलं तर माझी पाळी, हे मला समजतं. तरी रोज एकदा तो प्रश्न ओठांवर येतो, आणि एक दिवस तो निसटणार आहे. मग त्या नव्या मुलींना मी काय शिकवू? फोन धरून ठेवा म्हणून सांगू की सोडून द्या म्हणून?

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण परवा दिवेलागणीला ती बोलता बोलता थांबली. नेहमीसारखी गप्प नाही, कान देऊन ऐकावं तशी. मग कुजबुजली, “ताई... तुमच्या मागं कोन उभं हाय? बारीक श्वास येतोय.”

मी एकटी राहते, कांता. मागे वळून बघितलं नाही. तेव्हाही नाही आणि अजूनही नाही. त्या दिवसापासून पाठ गार असते, आणि हा वास, तुम्हालाही येत असेल, तो गटाराचा नव्हे.

तुम्हाला मुद्दाम समोर बसवलं मी. माझ्या मागची भिंत तुम्हाला दिसते. विचारणार होते, काय दिसतं म्हणून. पण मघापासून तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघताय.

नको... सांगू नका. चहा घ्या, निवला असेल.