वाघोबाच्या झाडाखालचा डबा

"घंटी गेली! आणि संध्याकाळी बनूबाई ती परत न्यायला येणार!" शलाका विठ्ठलवाडीच्या त्या छोट्या ऑफिसात शिरली ती रडतच.

खासगी गुप्तहेर मालिनी केणीने तिच्यापुढे चहा सरकवला. मदतनीस बाळाने तो पिऊन टाकला.

शलाकाने बदलापूर गावापुढच्या रानवाटेवर डबे लपवले होते. मोबाइलवरच्या खुणांवरून ते शोधायचे, आतलं काही घेतलं तर बदल्यात काहीतरी ठेवायचं, असा तो खेळ. प्रत्येक डब्यात जुन्या सायकलचा एकेक भाग. शेवटच्या डब्यात मात्र शेजारच्या बनूबाईंकडून मागून आणलेली, त्यांच्या नवऱ्याच्या सायकलची पितळी घंटी, फक्त बघण्यासाठी. नवरा गेला, सायकल मोडीत गेली, उरली ती एवढीच.

"आणि तू ती रानात ठेवलीस?" मालिनी तडकली.

"वाटलं, खेळणारे नियम पाळतील. पण ते पोचण्याआधीच डबा रिकामा! हरेशनेच नेली असणार."

हरेशचं कॅम्प दोन वस्तीत जुन्या सायकलींचं दुकान. मालिनीने तिथे जाऊन विचारताच तो उखडलाच. "मॅडम, घंटी पाहिजे होती, झूठ कशाला बोलू? पण मी गेलो असतो तर डब्बा पण उचलला असता. असा पुराना बिस्किटचा डब्बा आजकल भेटतो कुठे?"

"साळसूदपणाचा आव आणतोय," बाहेर पडल्यावर बाळा म्हणाला.

"खरं बोलतोय. चल, डबा बघू."

शलाकाने त्यांना नेऊन दाखवलेला डबा होता एका जुन्या झाडाखाली, शेंदूर लावलेल्या वाघोबाच्या दगडाशेजारी. वाकून पुढे होताना फांदीला बांधलेल्या घंटा बाळाच्या टाळक्याला लागून खणाणल्या. शेजारच्या पाड्यातली चंद्री तिथे झाडत होती. ती खळखळून हसली.

"इथे चोर आला होता का गं?" मालिनीने विचारलं.

"चोर? छ्या! सकालपासून मीच हाय हितं. वाघोबाच्या दारात कोन चोरी करल?"

डबा स्वच्छ पुसलेला होता. आत झेंडूची पाकळी आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा.

"कोणाच्या तरी जेवणातलं पडलं असेल," म्हणत बाळाने खोबऱ्याला हात घातला. मालिनीने तो हात झटकला.

"अरे, हा प्रसाद आहे, आणि तुझा नाही! दुकानदार काही ठेवून जात नाही. खेळणारा फार तर कीचेन ठेवील. फोडलेल्या नारळातलं खोबरं परत मिळतं ते नवस फेडणाऱ्याला. देवापाशी कोणी घंटी ठेवून गेलं, तर बघणाऱ्याला काय वाटेल? नवसाची आहे, बांधायची राहिली. चंद्री, तू ती बांधलीस आणि तिचा प्रसाद डब्यात ठेवलास ना?"

"मंग? नवसाची घंटी डब्यात कोंडून ठेवायची व्हय?" चंद्रीने वर बोट दाखवलं. मघाच्याच फांदीवर, लाल दोऱ्यात, सायकलची घंटी लटकत होती.

शलाकाने कपाळाला हात लावला. तेवढ्यात घंटी न्यायला आलेल्या बनूबाई रिक्षातून उतरल्या. सगळं कळल्यावर चंद्री शरमून म्हणाली, "माई, देवाची माफी मागते न् काढून देते."

बनूबाईंनी हात उंचावून घंटीची कळ दाबली. ट्रिंग ट्रिंग! क्षणभर त्यांनी वाटेकडे पाहिलं. डोळे भरून आले, तरी त्या हसल्या.

"राहू दे गं, पोरी. घरी ती मीच वाजवायची आणि मीच ऐकायची. इथे निदान कोणीतरी येईल."