ब्रश पुसायचा कागद

वर्गाच्या दारातच दोघांची टक्कर झाली. चित्रकलेच्या सरांच्या हातात पाण्याची बादली, आणि बाईंच्या साडीचं व्हायचं ते झालं!

"अगं बाई! बघून चाला की हो!"

"बघतच होतो..." सर पुटपुटले, "म्हणून तर..."

भाषेच्या बाई हसल्या. कित्येक दिवसांनी हसल्या म्हणा ना! घरी हसायचं कुणाशी? शाळा सुटली की ती एक खोली, एक खिडकी आणि दर रविवारी दादाचा फोन — "एकटी भिंतींशी काय बोलत बसतेस? ये इकडे." शेवटी त्या कंटाळून हो म्हणाल्या होत्या. सत्र संपलं की जायचं, ठरलं होतं.

त्या दिवशी दोघांचा मिळून तास होता. मुलांनी नुसत्या रंगांची चित्रं काढायची. घर नको, झाड नको, काही ओळखू यायला नको. मग दुसऱ्याचं चित्र उचलून त्यावर कविता लिहायची. मुलं म्हणाली, बाईंनीपण लिहायची! बाईंनी टेबलावरचा एक कागद उचलला. राखाडी फराटे, कोपऱ्यात एवढासा पिवळा. बघता बघता त्यांचा जीव त्या पिवळ्यात अडकला. लिहिलं आणि वाचलंही —

दिवा लावला तरी
खोलीत कुणी आहेसं वाटत नाही.
मी उगीच खोकते,
निदान भिंतीला कळावं, मी आलेय.

तोच पहिल्या बाकावरची चिमुरडी ओरडली, "बाई, ते चित्र नाहीच्चे! सर त्याला ब्रश पुसतात!"

हास्याचा नुसता स्फोट झाला. बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मनातलं सगळं चारचौघांत सांगून बसले, तेही एका पुसण्यावरून!

घंटा झाली, मुलं पांगली. सर मात्र तिथंच उभे, ओला ब्रश हातात.

"हसा ना तुम्हीपण," बाई वह्या गोळा करत म्हणाल्या.

"हसू कसा? मी घरी रेडिओ लावून ठेवतो. ऐकत नाही... कुणीतरी बोलत असावं म्हणून."

बाईंचे हात थांबले.

"तुम्ही भावाकडे जाताय म्हणे. नका जाऊ."

"का? मुलांच्या कविता अडतील म्हणून?"

"मुलांचं काय घेऊन बसलात हो!" सर एकदम चिडलेच. मग कानापर्यंत लाल झाले. "माझं अडेल... थांबा ना."

'ये' म्हणणारे होते. 'थांब' आजवर कुणी म्हणालं नव्हतं. बाईंचे डोळे भरून आले, पण ओठांच्या कोपऱ्यात खट्याळपणा आलाच.

"असं अहो-जाहो करून कुणी कुणाला थांबवतं का?"

सरांनी ब्रश खाली ठेवला.

"मग... थांब."

"थांबले," ती म्हणाली.