सात नंबरच्या वळणावर पाठीला पाठ

ही गोष्ट खरी आहे.

पटत नसेल तर इथंच थांबा, माझी काही हरकत नाही. "ताई, छान रंगवलंय" असं खाली लिहिणारे चार जण असतातच. मी काही रंगवलेलं नाही. माझ्या मावसबहिणीसोबत, दीपमालासोबत, मागच्या जानेवारीत हे घडलं. एक शनिवार आणि त्याला लागून आलेला रविवार. दोन्ही वेळेला सकाळ होती. जागा नवा रायपूर. कोणता ट्रॅक ते सांगणार नाही, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको.

आणि हेही आधीच सांगते. आमच्याकडे भूतबित मानत नाहीत. लिंबू-मिरची नाही, अंगारे-धुपारे नाहीत. मावशीच्या घरी भिंतीवर बुद्धांची तसबीर आहे, तिच्यापुढे मेणबत्ती लावतात, संपलं.

म्हणून तर हे कुठं ठेवावं तेच मला कळत नाही.

दीपमालाचा लहान भाऊ प्रशिक. बावीस वर्षांचा. बाईकचं वेड इतकं की जेवताना ताटही हँडलसारखं धरतो. नवा रायपुरात थंडीत मोटरसायकलची रेस होणार हे कळलं आणि या पठ्ठ्यानं घरात न विचारताच नाव देऊन टाकलं. नंबर मिळाला एकेचाळीस.

मावशीनं घर डोक्यावर घेतलं. शामराव मावसाजींना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ते रेल्वेत गार्ड होते, मालगाडीवर. त्यांच्यानंतर कलावती मावशीचा सगळा जीव या पोरात.

तीन दिवस रुसवेफुगवे चालले. चौथ्या दिवशी मावशीच म्हणाली, "तुह्या बाबानं तीस वर्षं झेंडी दाखवली. त्याच्या झेंडीवर एक माणूस मेला नाही. तिथं झेंडीवाले राहतात म्हणते ना? मंग दीपी झेंडी घेऊन उभी राहीन, त जा. नाही त नाही."

झालं! समता कॉलोनीतली, ऑफिसात कॉम्प्युटरपुढं बसणारी आमची दीपमाला, जिला सायकलसुद्धा नीट येत नाही, ती रेसच्या ट्रॅकवर झेंडेवाली झाली. फुकटात. वरून स्वतःचा डबा न्यायचा.

डिसेंबरात तीन रविवार शिकवणी झाली. शिकवायला नागपूरहून शिशिर सर यायचे. पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका, गाडी हळू करा. हिरवा म्हणजे मोकळं. प्रत्येक वळणावर दोघं, आणि दोघांनी उभं राहायचं पाठीला पाठ लावून. एकाच्या हातात झेंडे, त्याचं तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. दुसऱ्याचं तोंड वळणाच्या पलीकडे, जिथं गाड्या जातात तिकडे. कोणी पडलं तर ते दुसऱ्यालाच दिसणार. इंजिनांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्यानं हात मागं करून जोडीदाराच्या खांद्यावर थाप द्यायची.

एक थाप म्हणजे पिवळा दाखव.

दोन थापा म्हणजे मोकळं झालं, पिवळा खाली घे.

"आणि झेंडेवाल्यानं मागं वळून पाहायचं नाही," शिशिर सर दर वेळी बजावायचे. "कितीही वाटलं तरी नाही. तुम्ही मागं पाहिलं की समोरून येणाऱ्याला कोणी वाली नाही. जोडीदारावर भरवसा ठेवा."

दीपमाला गच्चीवर मावशीची पिवळी ओढणी घेऊन सराव करायची. प्रशिक खिडकीतून ओरडायचा, "दीदी, मच्छर भगा रही हो क्या?"

तिचा जोडीदार नरहर काका. भिलाईच्या प्लांटमधून रिटायर झालेले, आपल्याच लोकांतले, भारी लाजाळू माणूस. परक्या पोरीच्या खांद्याला हात लावायचा म्हणजे त्यांना संकट. दोन बोटं अशी टेकवायचे की जणू तापल्या तव्याला लावली.

रेस रविवारी. शनिवारी रंगीत तालीम.

सकाळी पावणेसातला जीपनं तिला सात नंबरच्या वळणावर सोडलं. धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. अंगात दोन स्वेटर, वर जाड जॅकेट, तरी दात वाजत होते. नरहर काका अजून आले नव्हते. जीपवाला म्हणाला, "आते होंगे दीदी," आणि गेला.

जीपचा आवाज लांब गेला...

मग काहीच नाही.

नवा रायपुरात सकाळी निदान टिटव्या तरी ओरडतात. कुत्री भुंकतात. त्या दिवशी काही नव्हतं. जॅकेटची चेन हलली तरी तिला तिचा आवाज येत होता.

मग मागं खडीवर पावलं वाजली.

हळू... एक... एक...

पावलं तिच्या अगदी पाठीशी येऊन थांबली.

"काका, चहा घेऊन आलात का नाही?" तिनं पुढं पाहतच विचारलं. सवयच तशी लागली होती.

उत्तर नाही.

असतील लाजत, असं तिला वाटलं. शिवाय पोस्टवर गप्पा मारायच्या नाहीत हाही नियमच होता.

तेवढ्यात गाड्या आल्या. तालीम होती, हळूच चालवत होते. दोन चकरा गेल्या. तिसऱ्या चकरीला तिच्या उजव्या खांद्यावर थाप पडली.

एक.

तिनं पिवळा झेंडा हलवला. पोरांनी गाड्या हळू केल्या. थोड्या वेळानं दोन थापा. तिनं पिवळा खाली घेतला. सगळं शिकवल्याबरहुकूम. फक्त आज दोन बोटं नव्हती, अख्खा पंजा होता. जाड जॅकेट आहे म्हणून जोरात देत असतील, असं तिला वाटलं.

आणि मानेला गार लागत होतं. टोपी आणि कॉलरच्या मधे, थांबून थांबून. वारा असेल.

सव्वासातला समोरून जीप आली. शेजारच्या सीटवर नरहर काका बसलेले, हातात वॉकी-टॉकी.

"माफ कर बाई," ते उतरता उतरता म्हणाले, "स्कूटर चालूच नाही झाली. थंडीनं बसली ना! तू एकटीच उभी राहिली काय इतका वेळ?"

दीपमाला वळली.

मागं कोणी नव्हतं. खडी, तारेचं कुंपण आणि धुकं.

तेवढ्यात वॉकी-टॉकीवर कंट्रोल रूममधून शिशिर सरांचा आवाज आला, वैतागलेला. "सात नंबर, मघाशी काय थट्टा लावली होती? एकेचाळीस पडला, एकेचाळीस पडला... अहो, एकेचाळीस तर माझ्यासमोर चहा पितोय!"

नरहर काकांनी हातातल्या वॉकी-टॉकीकडे पाहिलं. मग दीपमालाकडे. सात नंबरचा संच तो एकच. आणि तो आत्ता जीपमध्ये बसेपर्यंत त्यांच्या पिशवीत, बंद होता.

दुसरं कोणी असतं तर तिथूनच घरी पळालं असतं. मीही पळाले असते, खोटं कशाला बोलू? पण दीपमालाला एकच गोष्ट दिसत होती. एकेचाळीस. आपला पोट्टा.

तिनं प्रशिकला दुपारीच गाठलं. "उद्या नको जाऊ. माझं ऐक."

"क्यूँ?"

काय सांगणार? तरी तिनं सांगितलं. तो हसला नाही, पण ऐकलंही नाही. "दीदी, आप डर गई हो तो मत आओ. मैं तो जाऊँगा. मम्मी को बोलना है तो बोल दो."

मावशीला सांगितलं असतं तर मावशीनं बाईकला कुलूप घातलं असतं, आणि हा पोरगा कुलूप तोडून गेला असता. मग त्या वळणावर त्याच्यासाठी कोण उभं राहणार होतं? ती गप्प बसली. त्याबद्दल ती आजही स्वतःला शिव्या घालते.

नरहर काकांनी मात्र थट्टा केली नाही. रविवारी सकाळी पोस्टवर पोचल्यावर ते हळूच म्हणाले, "हे पाय, आज आपण खूण बदलू. मोकळं झालं म्हणजे दोन नाही, तीन थापा. फक्त तुले आन् मले माहीत. दोनच पडल्या त झेंडी खाली घेऊ नको."

"हव काका," ती म्हणाली. तिला जरा धीर आला.

नऊ वाजता धुकं पूर्ण गेलं. लख्ख ऊन पडलं. वारा गार, पण लांबवर इमारती दिसत होत्या, माणसं दिसत होती, स्पीकरवर गाणी चालू होती. अशा उन्हात कशाचं काय येतंय, असं तिला वाटायला लागलं.

रेस सुरू झाली. बारा गाड्या. एकेचाळीस पहिल्या चकरीला पाचवा होता, चौथ्या चकरीला सगळ्यांच्या पुढं. तो तिच्या समोरून वळणात शिरला. गाडी इतकी वाकलेली की गुडघा जमिनीला लागेल.

गेला पलीकडे. आता तो तिला दिसणार नव्हता.

मागं काहीतरी घासल्याचा आवाज झाला...

डाव्या खांद्यावर थाप. एक. दोन बोटं.

दीपमालानं पिवळा वर केला आणि जीव खाऊन हलवायला लागली. कोण पडलं? वळून पाहायचं नाही. पुढून अकरा गाड्या येत होत्या, सुसाट. त्यांना वळणापलीकडचं काही दिसत नाही. त्यांना फक्त तिचा झेंडा दिसतो.

आणि मग थापा पडल्या.

उजव्या खांद्यावर.

एक... दोन...

तिनं झेंडा खाली घेतला नाही. दोनच आहेत. काकांनी सांगितलं होतं, दोनच पडल्या तर नाही.

गाड्या जवळ येत होत्या. तिचे हात भरून आले.

खांद्यावर काही वेळ काहीच नाही. जणू मागं उभा असलेला विचार करत होता.

मग...

तीन.

ती मला सांगते तेव्हा दर वेळी इथं थांबते. कारण त्या एका क्षणी तिनं झेंडा खाली आणला होता. खूण बरोबर होती. ती खूण दोघांनाच माहीत होती. झेंडा तिच्या कमरेपर्यंत आला...

आणि मानेला गार लागलं. टोपी आणि कॉलरच्या मधे. थांबून थांबून.

आज वारा समोरून होता.

तो श्वास होता.

पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या माणसाचा श्वास आपल्या मानेला कसा लागेल?

"आई गं!" ती किंचाळली आणि झेंडा वर केला, दोन्ही हातांनी, जितका वर जाईल तितका. आणि तो हलवत हलवतच, नियम मोडून, तिनं मान वळवली.

मागं कोणी नव्हतं.

पन्नास पावलांवर, ट्रॅकच्या मधोमध, प्रशिक बाईकखाली अडकला होता. आणि नरहर काका त्याच्याजवळ गुडघ्यावर बसून गाडी ओढत होते. पोरगा हलेना म्हणून एक थाप देऊन ते तसेच धावले होते. पोस्ट सोडायची नाही हे त्यांनाही शिकवलं होतं, पण त्यांना राहवलं नाही.

अकरा गाड्या ब्रेक मारत, लडखडत, त्या दोघांच्या बाजूनं गेल्या. एकीचं चाक काकांच्या बुटाला घासून गेलं.

झेंडा खाली राहिला असता तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही.

प्रशिकचा पाय मोडला. सळई घातली. दवाखान्यात मावशी दीपमालाच्या तोंडावरून हात फिरवत रडली. "बाबाची पोरगी शोभली माही," म्हणाली. दीपमाला आईच्या कुशीत शिरून ढसाढसा रडली. मावशीला वाटलं, आनंदानं रडते.

संध्याकाळी मावशी चहाला गेली. मीही तिथंच होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलंय. प्रशिक गुंगीत होता. म्हणाला, "दीदी, काका तो मेरे पास आ गए थे ना?"

"हो रे."

"तो आपके पीछे कौन खड़ा था?"

दीपमालाच्या हातातली संत्र्याची फोड तशीच राहिली.

"उसकी पीठ मेरी तरफ थी," तो म्हणाला. "मुँह आपकी तरफ. एकदम सटके खड़ा था. मैं चिल्लाया भी... वो मुड़ा ही नहीं."

मग त्याला झोप लागली. नंतर विचारलं तर म्हणतो, मला काही आठवत नाही.

चौकशीही करून झाली. त्या जागी कोणी मेलं होतं का? नाही. दोन वर्षांपूर्वी तिथं धानाचं शेत होतं. शेतवाल्याचं सगळं कुटुंब खाऊनपिऊन सुखी आहे. काही म्हणजे काही सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं.

दीपमाला आता ऑफिसात खुर्ची भिंतीला टेकवून बसते. बसमध्ये शेवटची सीट धरते. मागच्या महिन्यात मी बाजारात तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर ती वळली नाही. तशीच उभी राहिली. पुढं बघत, थंड पडलेली. मी नाव घेऊन हाक मारली तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला.

येत्या जानेवारीत रेस परत आहे. प्रशिकचा पाय बरा झाला. त्यानं नाव दिलंय, बेशरम! मावशीची अट तीच. दीपी उभी राहीन, त जा. मावशीला अजून कोणी काही सांगितलेलं नाही, आणि आता सांगायची माझी छाती होत नाही.

नरहर काकांनी यंदा हात जोडले. यादीत सात नंबरवर दीपमालाचं एकटीचं नाव होतं. परवा ती चौबे कॉलोनीत माझ्या घरी आली आणि म्हणाली, "साक्षी, तू उभी राहशील माझ्या मागं?"

मी हो म्हणाले. नाही कसं म्हणणार?

कालपासून आम्ही माझ्या गच्चीवर सराव करून राहिलो. पाठीला पाठ लावून. तिच्या हातात झेंडा, माझं तोंड दुसरीकडे. ती मागं पाहणार नाही, मीही पाहायचं नाही.

आज सकाळी धुकं होतं. मागं पावलं वाजली, दीपमाला आली म्हणून मी पाठ टेकवून उभी राहिले, चांगली पाच मिनिटं. तिच्या पाठीची ऊब नाही लागली, पण स्वेटर जाड आहेत म्हटलं.

मग खालून, गेटबाहेरून दीपमालाची हाक आली. "साक्षी, गेट उघड ना! मी आत्ताच येऊन राहिली..."