टेपचं दुसरं टोक

पोरांनो, ते मोबाइल उलटे ठेवा. ईशान, जिन्यातला दिवा राहू दे हवा तर, मला काही फरक पडत नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. खुद्द परीक्षितनं मला सांगितली आणि शेवटचं तर मी या डोळ्यांनी पाहिलंय.

बुधवार, बारा नोव्हेंबर, दोन हजार पंचवीस. संध्याकाळचे सव्वासात, पण हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेलेली, त्यामुळे मिट्ट काळोख. परीक्षित इथेच, आपल्या नोव्हाय गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. शंभर फुटी टेप घेतली, एक लांब खिळा घेतला. नैनानं, म्हणजे बायकोनं, कोथिंबीर सांगितली होती, तीही वाटेत घेतली. दुसऱ्या दिवशी त्याची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती.

विषय भिंतींचा. रोमन लोक इंग्लंड सोडून गेले, पण गावांभोवतीचे त्यांचे तट मागे उरले. चार-साडेचारशे वर्षांनी समुद्रावरून लुटारू यायला लागले, तेव्हा तिथल्या सॅक्सन राजांनी तेच पडके तट डागडुजी करून वापरात घेतले. कुठे नवा दगड बसवला, कुठे जुना दरवाजा बुजवला. कुठला थर कुणाचा, हे इंच इंच मोजून दाखवायचं, असा तो प्रबंध.

आता मोजलं कुणी? शैलजानं. नागपूरची पोरगी, त्याच विभागात, याच्या दोन वर्षं पुढे. दोन उन्हाळे तिनं इंग्लंडला जाऊन त्या तटाखाली उन्हापावसात काढले. आणि लिहायला बसायच्या आधीच, एका जानेवारीत बर्फावरून गाडी घसरली... गेली. तिच्या आईनं, कांताबाईंनी, सगळ्या वह्या परीक्षितच्या हाती दिल्या. आपला मराठी मुलगा म्हणून, विश्वासानं. म्हणाल्या, "तुझ्या कामी आल्या तर वापर बेटा. फक्त तिचं नाव कुठंतरी राहू दे."

यानं मापं सगळी घेतली. नाव एकदाही घेतलं नाही.

काय म्हणालास आर्य, 'जस्ट साइट हर'? अरे, संदर्भात तिचं नाव द्यायचं, तेवढंच तर करायचं होतं! पण मापं दुसरीची म्हटल्यावर याचं स्वतःचं उरत होतं काय? प्रबंध अडला की नोकरी अडली, नोकरी अडली की व्हिसा. दिवाळीत मी त्याला विचारलं, तर मलाच शिकवायला लागला, "काका, रोमन गेले, भिंती उरल्या. ज्यांना गरज होती त्यांनी वापरल्या. मूळ गवंड्याचं नाव कुणी विचारलं का?" चोर तो चोर, वर शिरजोर. मला तेव्हाही संताप आला होता, अजून येतो.

तर त्या बुधवारी दुपारी एका परीक्षकाची ईमेल आली. प्रश्न साधाच होता. एवढी लांब भिंत तुम्ही एकट्यानं मोजली असं लिहिलंय. मग टेपचं दुसरं टोक कुणी धरलं होतं?

मोजणीला माणसं दोन लागतात. एक जण शून्य धरून उभा राहतो, दुसरा आकडा वाचतो. ज्यानं आयुष्यात एक भिंत मोजली असेल, त्यालाही हे कळतं. परीक्षितनं एकही मोजली नव्हती. म्हणून तो खिळा. एकट्यानं जमतं का, ते करून बघायचं आणि उद्या छातीठोक सांगायचं.

वस्तीमागे फ्रीवेचा आवाज अडवायला ती उंच काँक्रीटची भिंत आहे ना, तिथे त्यानं गाडी लावली. खिळा भिंतीच्या बुडाशी मातीत रोवला, टेपची कडी त्यात अडकवली आणि टेप सोडत निघाला. मोबाइलच्या उजेडात दहा फूट. तीस. साठ. आकडा वाचायला वाकला, तर टेप सैल पडली. खिळा उखडला असणार. एक शिवी हासडून तो टेप गुंडाळायला लागला.

टेप ताणली गेली.

त्यानं ओढली. तिकडूनही कुणीतरी ओढली. जोरात नाही... बेतानं. माप चुकू नये इतकीच.

टेप आता जमिनीवर नव्हती. कमरेच्या उंचीवर होती. सरळ. जराही थरथर नाही.

"कोण आहे?"

...

फ्रीवेवरच्या गाड्या ऐकू येईनात.

"हॅलो?... शैलजा?"

दोन हलके हिसके. पलीकडचा तयार झाला की देतो, तसे. म्हणजे, वाच.

त्याला वाचवेना. त्यानं मूठ सोडली...

टेप पडली नाही.

पळाला. गाडी घरापर्यंत कशी आणली, ते त्याला आजही सांगता येत नाही.

एवढं झाल्यावर कुणीही रात्रीतून एक ओळ लिहिली असती. शैलजाचे आभार, बस. यानं सकाळी कोट चढवला आणि परीक्षकांना सांगितलं, "खिळ्यानं. एकट्यानं." पास झाला. टाळ्या, पेढे, सगळं झालं. कांताबाईंचा फोन आला, "नाव टाकलंस ना रे?" तर हा म्हणतो, "हो मावशी. पहिल्याच पानावर."

जानेवारीत प्रबंधाच्या पाच बांधीव प्रती आल्या. खोकं त्यानं इथेच, माझ्यासमोर फोडलं. वरची प्रत उघडली... आणि पान माझ्याकडे वळवलं.

त्याच्या नावाखाली अंगठा उठलेला. लहानसा, बायकी. पांढरा. शाई नव्हे, चुना... जुन्या तटांच्या दगडांत असतो तसला, खरबरीत. त्यानं नखानं खरवडला. मी ओल्या फडक्यानं पुसून पाहिला. जाईना. एवढी शिकलेली पोरगी रे, आणि तिला शेवटी अंगठा उठवावा लागला.

दुसरी प्रत उघडली. तिसरी...

पाचही प्रतींवर होता. पहिल्याच पानावर.