सात नंबरची चौकी

मला वाटलं होतं, भंडाऱ्याला परतले की तलावांच्या पाळीवर उभं राहून मी काहीतरी मोठं काम करीन. मिळाली ती एक कोंदट खोली, सात जुने मोडेम आणि चंद्रकुमारजी.

वडील भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते. शिकलेल्या माणसानं आपल्या माणसांत परत यायचं असतं, हे त्यांनी लहानपणापासून मनावर बिंबवलं होतं. शाळा-कॉलेज राजस्थानात वसतिगृहात राहून झालं, पुढे दोन वर्षं बंगलोरला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी केली, आणि राजीनामा देऊन आले. तलावांच्या पाण्यावर शेती करणाऱ्या संस्थांचा एक संघ होता, त्याच्या कचेरीत काम धरलं. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा यंत्रांचीही वाटणी झाली होती. नवी तिकडे गेली, जुनी इथे राहिली.

काम साधं होतं. सात तलावांवर सात चौक्या. प्रत्येक चौकीत एक माणूस, एक संगणक, एक टेलिफोनची तार. रोज सकाळी साडेसातला पाण्याची पातळी वाचायची, मोठा पाऊस असला तर दर अर्ध्या तासाला. ती सालभराच्या फाइलीत खालच्या बाजूला जोडायची आणि अख्खी फाइल तारेवरून कचेरीत धाडायची. हे फाइल धाडण्याचं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं. नवं मला लिहायचं होतं.

वापरणाऱ्या माणसांना काय हवं ते आधी विचारावं, म्हणून मी एक वही उघडली. चंद्रकुमारजी तीस वर्षं फाइली घेण्याच्या टेबलावर. पहिली मागणी त्यांनीच सांगितली.

"अक्षरं मोठे कर पोरी. हे मुंग्या मले दिसत नाई."

"आणखी?"

"चहा प्यायला उठलो का हे मशीन लाइन तोडते, ते बंद कर. मी काय पळून चाललो का?"

एका चौकीवाल्यानं लिहिलं होतं, जुन्या फाइलीवर नवी चढवण्याआधी विचारत जा. दुसऱ्यानं, फाइल किती गेली ते आकड्यात दाखव. मला हे वाचून फार आनंद व्हायचा. ही आपली माणसं, त्यांच्या या मागण्या, आणि त्या पुऱ्या करायला मी आलेली.

"सात नंबरची मागणी नाही आली," मी म्हटलं.

चंद्रकुमारजींनी कपाटातून एक फुगलेलं रजिस्टर काढलं. पाण्यानं पानं एकमेकांना चिकटली होती. "अड्याळकडच्या चौकीचं आहे. केवळरामचं. त्याची मागणी आधीच लिहून ठेवली आहे त्यानं. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीलेही धाडली होती. हे पाय, उत्तर चिकटवलं आहे. इंग्रजीत आहे, आमाले कोणालेच समजलं नाई. काय लिवलं आहे?"

मागणी मराठीत होती. 'पावसाळ्यात तार फार तुटते. तुटली की फाइल पहिल्या ओळीपासून पुन्हा जाते, आणि शेवटल्या ओळी पोचतच नाहीत. जिथून तुटली तिथून पुढे जावी.'

खाली कंपनीचं उत्तर. दोनच ओळी. ही गरज फार थोड्यांना पडते, सबब मागणी बंद केली आहे. त्याखाली नाव: भावना.

ती भावना मीच. बंगलोरला रोज चाळीस मागण्या यायच्या, त्यांतल्या तीस बंद करायच्या असत. भंडाऱ्याचं नाव मला तेव्हा दिसलं होतं का? दिसलं असावं. त्या माणसानं उत्तराला उत्तरही धाडलं होतं, ते मात्र आता लख्ख आठवलं. 'ठीक आहे म्याडम. तुम्ही पाहून घ्याल.' त्यावर मी काहीच लिहिलं नव्हतं.

"विचार करू, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"करतील, करतील." चंद्रकुमारजींनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी केवळरामची गोष्ट सांगितली.

गेल्या भाद्रपदात सात नंबरचा तलाव भरून चालला होता. केवळराम दुपारी एकपासून फाइल धाडत होता. तार तुटायची, फाइल पहिल्या ओळीपासून निघायची, पुन्हा तुटायची. असं अकरा वेळा.

"मंधात त्याचा फोन आला. म्हणे, भाऊ, पाणी पायरीवर आलं. मी म्हटलं, तोंडी खबर चालत नाई बावा, साहेब ऐकत नाई, फाइल धाड. आमचा एक कायदा होता. फाइल आली का इकडून मी 'पोचली' असं लिवावं. ते दिसल्याबिगर तिकडच्यानं खुर्ची सोडू नोये. मीच शिकवला होता त्याले."

तलावाची मातीची पाळ चारच्या सुमाराला फुटली. गावातली माणसं टेकाडावर चढली होती. खुर्ची दुसऱ्या दिवशी धानाच्या शेतातल्या बांधीत सापडली, केवळराम तिसऱ्या दिवशी. चौकशीच्या कागदात लिहिलं गेलं: चौकीवरून माहिती आली नाही. लोक म्हणाले, झोपला असेल.

"त्याची बायको, सत्यभामा, दर महिन्याले अड्याळहून इथं येते. दारात उभी राहते. दुसरं काई नाई, एकच विचारते. फाइल पोचली का?"

त्या दिवशी मी बाकीच्या सगळ्या मागण्या बाजूला ठेवल्या. दहा दिवस तेवढंच काम केलं. जिथून तुटली तिथून पुढे.

माघातली दुपार होती. धान केव्हाच मळून झालं होतं, रस्त्यावर धूळ उडत होती. चार वाजता मी नवं सॉफ्टवेअर चालू केलं. चाचणीचा कागद निघावा म्हणून प्रिंटरही लावला. एक ते सहा, सगळ्या चौक्या गप्प होत्या. मग सातवा मोडेम बारीक आवाजात शिटी वाजवू लागला.

पडद्यावर मोठ्या अक्षरात ओळ आली. चौकी सात. अपुरी फाइल. ओळ दोनशे बारापासून पुढे.

"सात नंबरची तार मीच कापली," चंद्रकुमारजी म्हणाले. "दिवाळीत... या हातानं."

मी टेबलामागे वाकून पाहिलं. तारेचं टोक मोडेमपासून वीतभर दूर लोंबकळत होतं.

प्रिंटर खरखरू लागला. एक वाजता, अकरा फूट. दीड वाजता, बारा. दोन वाजता, साडेबारा फूट. त्यानंतर आकडे संपले आणि शेऱ्याच्या रकान्यात शब्द येऊ लागले. पाणी पायरीवर. पाणी उंबऱ्यावर. पाय टेबलावर घेतले. चार वाजता: फाइल धाडून राहिलो.

खोलीत गाळाचा वास भरला. तलावाच्या तळाचा, थंड, कुजल्या गवताचा. बाहेर ऊन होतं.

मला वाटलं, संपलं. पण प्रिंटर थांबला नाही. दुसऱ्या दिवशीची ओळ आली, सकाळी साडेसातची. मग तिसऱ्या दिवशीची. आश्विन, कार्तिक, रोज एक ओळ. पातळीचा रकाना कोरा. शेरा एकच.

वाट पाहून राहिलो.
वाट पाहून राहिलो.

शेवटी पडदा स्थिर झाला. चौकट तेवढी लुकलुकत राहिली, जिथे आपण उत्तर लिहायचं असतं.

"लिव ना पोरी," चंद्रकुमारजी हळूच म्हणाले. "पोचली म्हणून लिव."

"लिहिलं तर... ते खुर्ची सोडतील."

"सोडू दे ना."

"मग कुठे येतील?"

आम्ही दोघंही दाराकडे पाहत होतो. उंबऱ्यावर कोरडी धूळ होती, आणि तिच्यावर ओलाव्याची एक रेघ हळूहळू आत सरकत होती.

मी संगणकाचं बटण बंद केलं. त्या माणसाला दुसऱ्यांदा, आणि या वेळी समजून-उमजून, मी उत्तर दिलं नाही. कागदाची घडी पिशवीत कोंबली आणि घरी आले. वडिलांनी विचारलं, "काहून अशी दिसतेस?" मी म्हटलं, बंगलोरहून पुन्हा बोलावणं आलंय. तेही खोटंच.

सकाळी बॅग घेऊन मी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर उभी होते. नागपूरची बस लागली होती. पलीकडे अड्याळची, टपावर टोपल्या चढत होत्या. हात पुसायला रुमाल काढावा म्हणून पिशवीत हात घातला, तर तो कागद लागला. बोटांना ओला लागला. मी घडी उलगडली. रोजच्या ओळी, रोजचा तोच शेरा, कालच्या सकाळपर्यंत.

त्याखाली आणखी एक ओळ होती. कागद काल चार वाजता छापला होता, मी स्वतः फाडला होता. ओळ आजच्या तारखेची होती. सकाळी साडेसात.

शेरा: म्याडम येऊन राहिल्या.

मी स्टँडवरचं घड्याळ पाहिलं. साडेसातला दहा मिनिटं कमी होती.

तेवढ्या वेळात मी ठरवलं. सत्यभामाबाईंना आधी कंपनीच्या उत्तरातल्या त्या दोन ओळी मराठीत सांगायच्या, खालच्या नावासकट. मग हा कागद दाखवायचा, त्यांचा नवरा झोपला नव्हता हे कळावं म्हणून. आणि मग त्यांना कचेरीत आणून त्या पडद्यापुढे बसवायचं. उत्तर त्यांच्या बोटांनी जाईल. त्यानंतर दारातून कोणीही आत आलं तरी मी खुर्ची सोडणार नाही.

मी बॅग उचलली आणि अड्याळच्या बसमध्ये चढले.