निनादचं नाव

निनादची आणि माझी पहिली भेट भांडणातच झाली. बिट्टन मार्केटच्या हाटात, अळूच्या एका जुडीवरून.

भोपाळात अळू मिळत नाही असं नाही... पण वडीची ती मोठी, काळ्या देठाची पानं दिसली की मराठी माणूस बाकीची भाजी विसरतो. शेवटची जुडी होती. मी या बाजूनं धरली, त्यानं त्या बाजूनं.

"भैया, ये मैंने पहले पकडी है," तो भाजीवाल्याला म्हणाला.

"काय आगाऊ माणूस आहे बाई!" मी पुटपुटले.

त्यानं चमकून पाहिलं. मग हसला. "आगाऊ नाही हो, पुण्याचा आहे."

"एकच की!"

"वड्या येतात का तुम्हाला?"

"मला येतात. तुम्हाला?"

"आई फोनवरून सांगणार, मी करणार."

"मग वायाच जाणार. द्या इकडं."

दिली नाही! पैसे देऊन खुशाल पिशवीत टाकली आणि वर विचारतो, "वड्या कुठं आणून देऊ?"

आणि मी, स्वरदा नावाची शहाणी मुलगी, शिवाजी नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरचा पत्ता सांगून मोकळी झाले. का सांगितला, देव जाणे.

एमपी नगरातल्या एका कोचिंगमध्ये तो फिजिक्स शिकवायचा. मी "चहा करून राहिले" म्हटलं की त्याला हसू आवरायचं नाही. आमचं मूळ नागपूरचं, त्यात भोपाळची हिंदी — माझं मराठी त्याला फार आवडायचं. आणि एक हट्ट तर रोजचाच.

"नाव घे ना माझं. उखाण्यात."

"लग्नात घेईन."

"सराव नको?"

"फुकटात मिळणार नाही. आधी मांडवात बैस."

"निनादला यमक सुचत नाही, म्हणून टाळतेस ना?"

"ढीगभर सुचतात. वाद, नाद..."

"दाद," तो हळूच म्हणायचा. "आधी जरा दाद तरी दे..."

साखरपुड्याची तारीख धरली आणि त्याच्या आधीच — डेंग्यू. आठवड्यात सगळं संपलं.

साखरपुडा झाला नव्हता, म्हणून मी त्याची कोणीच नव्हते. ऑफिसात रजा मागताना कोण गेलं म्हणून सांगायचं, तेच कळेना. घरात सगळ्यांनी न बोलताच ठरवून टाकलं, त्याचं नाव काढायचं नाही. आईनं अळू आणणं बंद केलं. बोलता बोलता विषय त्याच्या जवळपास गेला की बाबा हवापाण्यावर यायचे. मला त्रास होऊ नये म्हणून हो सगळं! आणि मला तर भूक लागली होती त्या नावाची. दोन वर्षं. कुणीतरी नुसतं म्हणावं... निनाद.

परवा धाकट्या बहिणीचं, जुईचं लग्न झालं. तिचा आनंद मला बघवत नव्हता असं मुळीच नाही. लाडकी आहे ती माझी. पण मी दमले होते. हसून हसून गाल दुखत होते, आणि जो येईल तो माझ्या पाठीवरून हात फिरवून पुढं जात होता. जुई तर होणाऱ्या नवऱ्याचा, प्रसादचा फोन आला की माझ्यासमोर दबक्या आवाजात बोलायची. स्वतःच्या लग्नात पोरीनं असं चोरून सुखी व्हावं? त्याचाच मला जास्त शीण यायचा.

आदल्या दिवशी दुपारी मांडवात चुडा भरायचा कार्यक्रम होता. नागपूरहून वऱ्हाड आलेलं. जुईचा चुडा भरून झाल्यावर कासारणीनं बाकीच्या बायकांबरोबर माझाही हात ओढला आणि कोपरापर्यंत हिरव्यागार बांगड्या भरून टाकल्या. मग उखाण्यांची टूम निघाली. प्रसादची शोभामावशी सगळ्यांत पुढं. नवरीची मोठी बहीण, हात भरून हिरव्या बांगड्या, म्हणजे लग्न झालेलीच, अशी तिची समजूत.

"आता या ताईचा नंबर! काहून मागं बसून राहिली वं? घे नाव!"

आई घाईघाईनं म्हणाली, "अहो, तिला नाही येत उखाणे..."

"मावशी, राहू द्या ना," जुईचा आवाज रडवेला झाला.

मी अर्धी उठलेच होते. चहाचं बघते म्हणून सटकायची सवयच झाली होती मला. पण कंटाळा आला हो. किती पळायचं? मी परत बसले.

"बिट्टन मार्केटात अळूच्या जुडीवरून झाला वाद,
जुडी काही मिळाली नाही... पण मिळाला निनाद."

नागपूरकरणींनी हसून टाळ्यांचा कडकडाट केला. "वा वा! अन् आहेत कुठं निनादराव? लपवून ठेवले की काय?"

"नाहीत मावशी. दोन वर्षं झाली, गेला तो. लग्न नव्हतं झालं आमचं. नाव घ्यायचं राहून गेलं होतं... म्हणून."

'म्हणून'पर्यंत आवाज टिकला. मावशीचा हात तोंडावर गेला. आता हीसुद्धा पाठीवरून हात फिरवणार, असं मला वाटलं. पण ती सरकत सरकत माझ्याजवळ आली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मंग ती जुडी नेली कोणी?"

इतक्या दिवसांत मला असं कोणी काही विचारलंच नव्हतं.

"त्यानंच नेली," मी म्हटलं. "आणि दुसऱ्या दिवशी वड्या करून आणल्या. डबा भरून."

मग मागून आईचा आवाज आला, जरा चाचरतच. "घसा खाजला होता सगळ्यांचा. चिंच घालायला विसरला होता... निनाद."

आईच्या तोंडून! मी वळून पाहिलं. तिनं पदर डोळ्यांना लावला होता, पण ती हसत होती.

"आणि बाबा!" जुई ओरडली. "डोळ्यांत पाणी, आणि तोंडानं, वा, छान झाल्यात! निनाददादा म्हणतो, काका, अजून दोन घ्या ना!"

सगळा मांडव हसला. मीही हसले, खरंखुरं. आणि मग हसता हसता रडले, सगळ्यांच्या देखत, पोटभर. पण कोणी विषय बदलला नाही.