ताईची जागा

ताई एका जागी उभी राहत नाही, ही माझी जन्माची तक्रार आहे. चित्र काढायला बसलं की मला समोरचं माणूस घटकाभर तरी गप्प उभं हवं असतं. ही बाई तेवढ्यात पलीकडच्या दोन दुकानांत डोकावून, कुणाशी तरी गप्पा मारून परत येते आणि वर मलाच विचारते, "झालं का गं?"

"अगं, अजून पेन्सिलसुद्धा टेकवली नाही."

"मग इतका वेळ करत काय होतीस?"

मी दात-ओठ खात पेन्सिलीला टोक काढायची.

सहल माझ्याच हट्टाने ठरली होती. ताई कायमची मुलाकडे राहायला चालली होती, समुद्रापलीकडे. तिकीट आलं होतं, भांडीकुंडी वाटून झाली होती. आई गेली तेव्हा मला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती; तेव्हापासून माझं सगळं हिनेच केलं, आणि आता म्हातारपणी मला टाकून ही निघाली. राग येणार नाही तर काय? तोंडाने मी "जा बाई, नातवंडांत रमशील" म्हणत होते आणि आतून नुसती धुमसत होते. तिच्याशिवाय घरात कसं राहायचं हे मला कळत नव्हतं. म्हणून म्हटलं, जाण्याआधी दोघी कुठेतरी जाऊ, मी एक स्केचबुक भरीन, आणि त्यातल्या प्रत्येक पानावर ताई असेल. ते तरी माझ्याजवळ राहील.

"फोटो काढ की सरळ," ताई म्हणाली.

"फोटोत तू डोळे मिटतेस."

"मग चित्रात उघडे काढ. आणि जाडी काढू नकोस मला."

माझी एक पद्धत आहे. आधी जागेवर बसून पेनाने रेषा काढायच्या, मग जलरंग. माणसं मात्र सगळ्यात शेवटी. माणूस उभं असेल तेवढी जागा कोरी सोडायची, भोवतीचं सगळं रंगवून घ्यायचं आणि खोलीवर आल्यावर निवांतपणे माणूस भरायचं. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद. त्यावर एकदा रंग गेला की ते पांढरं परत मिळत नाही. शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी हयात गेली आणि हेच वाक्य ओरडून ओरडून घसा बसला. माणूस लांब गेलं की किती लहान दिसतं, तेही मी फळ्यावर रेघा मारून हजारदा शिकवलंय. माप ही माझी चुकणारी गोष्ट नाही.

गाव उतारावर होतं. आमच्या खोलीपासून एक रुंद दगडी जिना नदीकडे उतरायचा, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा, खाली चौक आणि कारंजं. पहिल्या दिवशी मी जिन्याच्या तळाशी बसले. ताई कठड्याला टेकून माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभी होती, म्हणजे उभी राहण्याचा प्रयत्न करत होती.

"हलू नकोस!"

"माशी बसलीय नाकावर."

"बसू दे."

मी तिच्यापुरती जागा सोडली, चांगली वीतभर उंच, आणि पायऱ्या रंगवल्या. ऊन छान होतं. चित्रही छान जमलं, म्हणून मीही जरा बरी वागले आणि तिला आइस्क्रीम घेऊन दिलं.

जेवणाआधी खोलीत वही उघडली. कोरी जागा कठड्यापाशी नव्हती. ती जिन्याच्या वरच्या टोकाला होती, अंगठ्याच्या नखाएवढी.

मी चष्मा पुसला. काही फरक पडला नाही. म्हटलं, वय झालं बाई आपलं, उन्हात बसलो, भलतीकडेच जागा सोडली. ताईला दाखवलं तर ती खूश झाली. "बरं केलंस, बारीक केलंस." मी चिडून तेवढ्याशा जागेत तिला भरायला पेन टेकवलं. शाई बसेना. मेणावर ओघळावी तशी ओघळून बाजूला जमली. मी टिपून घेतली, पुन्हा टेकवलं, पुन्हा ओघळली. चांगला महागातला कागद! दुकानदाराला मनातल्या मनात लाखोली वाहून मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी मी इरेला पेटले. चौकात कारंज्याच्या काठावर ताईला बसवलं. हात लांब करून पेन्सिलीने माप घेतलं, पुन्हा घेतलं, फोनवर फोटोही काढला. रंग वाळल्यावर वही तिच्या पुढ्यात धरली.

"ही बघ तुझी जागा. नीट बघून ठेव."

ताईने मान तिरकी करून पाहिलं. "एवढी मोठी दिसते मी?"

"दिसतेस. आहे का कारंज्याच्या काठावर?"

"आहे बाई आहे. परीक्षा घेतेस का माझी?"

वही पिशवीत घातली आणि आम्ही तिथेच एका हॉटेलात कॉफी प्यायला बसलो. पिशवी माझ्या मांडीवर होती. कॉफी येईपर्यंत मी पुन्हा वही काढली. कोरी जागा चौकाच्या पलीकडच्या कमानीखाली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. आणि कारंज्याच्या काठावर, जिथे ताई बसली होती, तिथे दगड रंगवलेले होते. मी ते रंगवले नव्हते. पण हात माझाच होता. दगडाच्या खालच्या कडेला मी चुकून नेहमी दुहेरी रेघ मारते, ती खोडसुद्धा तिथे होती. फोनमधल्या फोटोत ताई काठावर नीट बसलेली होती, डोळे मिटून.

"तू खोडलंस का गं?" ताईने विचारलं.

"जलरंग खोडता येतो का?" मी खेकसले. तिचा काय दोष? पण माझ्या हातून काहीच धड होत नव्हतं. दिवस संपत चालले होते आणि वहीत ताईचा पत्ता नव्हता. मला रडू आलं आणि रडू येतंय याचाही राग आला.

परत येताना जिना चढले आणि मागे वळून पाहिलं तर ताई बरीच खाली होती. ताई! जिच्यामागे मी आयुष्यभर धावले ती. कठडा धरून चढतही नव्हती, नुसती चालत होती, शांतपणे, आणि तरी मागे होती.

"दमलीस का?"

"नाही गं." तिचा आवाज मला नीट ऐकू आला नाही. ती जवळ आली तेव्हा म्हणाली, "दमले नाही. लांब आल्यासारखं वाटतंय."

"लांबच आलोय. बसमध्ये पाठ मोडली माझी."

"तसं नव्हे, चिमे," ती म्हणाली. या वयात मला चिमी म्हणणारी जगात तेवढी एकच उरली आहे.

जेवायच्या टेबलावर आमच्या खोलीच्या मालकीणबाईंनी एकच ताट मांडलं. "तुमच्या बहीण नाही आल्या?"

ताई माझ्यासमोर बसली होती, हातरुमालाची घडी करत.

"अहो, ही काय!"

मालकीणबाई दचकल्या. डोळे बारीक करून बघत राहिल्या, मग कसनुशा हसल्या. "अगबाई! माझं लक्षच नव्हतं." दुसरं ताट आणायला गेल्या. त्यांच्यावर मी मनापासून हसले आणि ताईकडे पाहिलं. ताई, जी कुणाच्याही फजितीवर टाळी देते, ती हसत नव्हती. बोटाने रुमालाची कड चाचपत होती.

रात्रभर मी एकच विचार केला. मी तिला शेवटी ठेवते म्हणून ती निसटते. जागा सोडायचीच कशाला? आधी ताई काढायची, डोक्यापासून पायापर्यंत, पूर्ण रंगवून. मग बाकीचं जग तिच्याभोवती. मग कुठे जाते बघू!

सकाळी सामान बांधलं. बस दुपारची होती. ताईला खिडकीजवळच्या तपकिरी खुर्चीत बसवलं. मागे भिंतीवर निळ्या फुलांचा कागद होता, उन्हात चांगला उजळलेला.

"बस चुकेल गं."

"चुकू दे. आता फक्त हलू नकोस."

ती हलली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मांडीवर हात, मान ताठ, डोळे माझ्यावर. मी आधी तिचे डोळे काढले, उघडे. मग चष्मा, कानामागची पांढरी बट, गळ्यापाशी सैल पडलेली कातडी, बोटांचे फुगलेले सांधे. जिन्यावर, चौकात माझ्यावर रुसलेला हात आता कसा सरसर चालत होता! शाई बसत होती. रंग बसत होता. ताई कागदावर येत होती, जशी आहे तशी, थोडी जाडसुद्धा. मला इतका आनंद झाला की मी गुणगुणायला लागले.

मग खुर्ची काढली. मग खिडकी. शेवटी भिंतीवरची निळी फुलं.

"झालं, ताई! बघ आता!"

मी वर पाहिलं.

खुर्चीत ताई नव्हती.

खुर्चीत, खुर्चीच्या पाठीवर, मागच्या निळ्या फुलांवर ताईएवढं कोरं होतं. पांढरं. डोक्याचा गोल, खांदे, मांडीवरचे हात. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या पांढऱ्यावर ना उजेड होता ना सावली.

मी उठले. जवळ गेले तेव्हा मला त्यात बारीक खरखरीत दाणे दिसले. मी ओळखते ते दाणे. माझ्या वहीच्या कागदाचे.

हात लावायचा धीर झाला नाही.

दारावर टकटक झाली. "बाई, बस येईल हं," मालकीणबाई बाहेरून म्हणाल्या. "एकट्याच आहात, पिशवी उचलायला मदत लागली तर सांगा."

माझ्या मांडीवरून वही खाली पडली होती. उघड्या पानावरून ताई माझ्याकडे बघत होती.

"झालं का गं?"

आवाज पानातून आला नाही. खुर्चीतून आला. लांबून, जिन्याच्या तळातून यावा तसा.

"चिमे? अगं, पाठ अवघडली माझी. हलू का आता?"

मी खुर्चीपुढे गुडघे टेकले. निळ्या फुलांच्या रंगाची एक बारीक कड त्या पांढऱ्याच्या काठाने साचली होती.

"नको, ताई," मी म्हणाले. "हलू नकोस. तुझ्या पाया पडते, हलू नकोस."

"बरं," ताई म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा तिने माझं ऐकलं. ती गप्प बसून राहिली. कडेचा निळा रंग अजून ओला होता, आणि हळूहळू आत सरकत होता.